पत्रूची राह्यलेली थपकी

खोटं बोलीन त माह्या जिभेले फोड येवो! मोठ्यानं सांगून राह्यली, शेजारपाजारचेबी आयका: ह्या गोष्टीतला एकनएक शब्द खरा हाय. तू तिकडं तोंड दाबून हसू नोको वं, तुलेच सांगून राह्यली. पटत नसन त मूल गावाले जा आन् म्हाताऱ्या हमालायले इचारून ये.

गोष्ट हाय सुकलू हमालाची. गडचिरोली जिल्हा चांद्यातून वेगळा निघाला, त्याच्या आधीच्या दोन-तीन सालातली. मूलच्या एका राईसमिलमंदी सुकलू पोते वाहे. त्याचा जोडीदार पत्रू. हमालायचं काम जोडीनंच चालते. एक जन पोत्यायच्या उंच थप्पीवर चढून पोतं सरकवते, दुसरा खाली वाकून पाठीवर घेते. घेतलं का लगेच निंगाचं नाई, बरं! वाकलेल्या मानसाले भुईबिगर काही दिसत नाई. म्हनून वरचा मानूस पोतं हलवून पाहाते आन् मंग त्याच्या उजव्या खांद्याखाली दोन थपक्या मारते. पहिली म्हंजे 'बसलं'. दुसरी म्हंजे 'चाल'. दुसरी भेटल्याबिगर कोनी हमाल पाय उचलत नाई. देवाची आन एकवेळ मोडन, हे नाई मोडनार.

त्या दिवशी सुकलूनं मोडलं. गावात नाटक आलं होतं. सुकलूले समोरची जागा धराची होती, म्हनून दुपारपासून त्याचे पाय नुसते नाचून राह्यले होते. पत्रूनं पोतं देल्लं. पहिली थपकी मारली. आन् सुकलू निंगाला.

"अबे थांब ना, लेका! पुरं त होऊ दे!" पत्रू वरून ओरडला. हात लांब करून तो सुकलूच्या पाठीपर्यंत झुकला, आन् त्याच्या पायाखालचं पोतं सरकलं. मंग सारी थप्पीच खाली आली. सुकलूनं मागं वळून पाह्यलं तवा धुळीतून पत्रूचा एक हात तेवढा वर दिसे. पंजा उघडा. थपकी माराले उचललेला.

लोक पत्रूले जाळून आले. दुसऱ्या दिवशी सुकलू चटईवरून उठला तो वाकलेलाच.

"उभा राय ना गा नीट," त्याची बायको सुकरी म्हणे.

"पोतं हाय वं पाठीवर."

"कुठी हाय? मले त फाटकी बनियान दिसते. आन् तेबी मीच धुतली हाय."

पन सकाळी ती झाडू माराले गेली, त चटईवर धान! मूठभर, ताजं. सुकलू त मिलमंदी पाय ठेवत नोहता. तो रस्त्यानं चाले त मागं धानाची बारीक रेघ पडे, सुतळी सुटलेल्या पोत्यातून पडते तशी, आन् त्या रेघेवर मूलच्या साऱ्या कोंबड्या. समोर वाकलेला सुकलू, मागं कोंबड्यायची वरात. बाजारात लोक हसत, आन् सांज झाली का तेच लोक दारं लावून घेत.

सुकरी मोठी हिकमती. तिनं ते धान जमा केलं, कांडलं, चुलीवर भात ठेवला. लाकडं जळाली, पानी आटलं, दुसरं पानी टाकलं. शितं जशीच्या तशी कडक. तवा मंग ती पयल्यांदा भेली.

सुकलू त पयलेपासूनच भेलेला. कारन कोंबड्यायच्याबी मागं त्याले आनखी एक चाल आयकू ये. अनवानी पाय, भुशावरून चालल्यासारखे. तो थांबला का तेबी थांबत. त्याले मागं पाहाची गरज नोहती. पत्रूच होता, हात वर केलेला.

"थपकी द्याले येऊन राह्यला," तो एक दिवस सुकरीले म्हणे.

"मंग घे ना बाप्पा ते थपकी! घे आन् मोकळा हो."

"अवं, दुसरी थपकी म्हंजे 'चाल'. कुठी चाल? तो आता जिथी हाय, तिथीच ना?"

सुकरीनं उठून दाराची कडी लावली.

तवापासून सुकलू कोनाले पाठीमागं येऊ देत नोहता. बसला त भिताडाले टेकून बसे. सुकरीनं पाठीले तेल लावतो म्हटलं त कोपऱ्यात घुसे. मांत्रिकानं लिंबू उतरवलं, वैदूनं पाला बांधला, तेबी समोरून, पोटावर. पाठ रोज जराशी अजून खाली जाये. वर्स होत आलं तवा त्याची हनुवटी छातीले लागे, घास गिळता ये नाई. सुकरीले दिसून राह्यलं होतं: असंच चाललं त हा मानूस होळी काही पाहात नाई.

शेवटी तिनं त्याले एसटीत घातलं आन् चांद्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात नेलं. कंडक्टरनं सीटवर सांडलेलं धान पाहून लगेजचं तिकीट मागतलं, पन ते राहू द्या.

दवाखान्यात फोटो काढला. मनके बरोबर, हाडं बरोबर. मोठे डॉक्टर म्हणे, "याले मशीनवर घ्या." मशीन नवी आली होती, शेकाची. दोन गाद्या, मधी वायर, बटन दाबलं का घुंऽऽ आवाज. तिले हार घातला होता, नारळ फोडला होता. साहेबायचा हुकूम होता का जो येईन त्याले मशीनच.

मशीन चालवाले बाई होती, विशाखा खोब्रागडे. ब्रह्मपुरीच्या मास्तराची पोरगी, नागपूरले फिजिओथेरपी शिकलेली. तिच्या घरच्यायनं छप्पन साली देव सोडले तवा भुतंबी संगच सोडली. ती भुताले भेनारी नोहती. आन् कामात पक्की. रोग्याच्या अंगाले हात लावल्याबिगर तिले चैन पडे नाई.

"भाऊ, जरा पाठ पाहू द्या," ती म्हणे.

"हात नोको! मशीन लावा. मशीन चांगली हाय," सुकलू म्हणे आन् पाठ भिताडाकडं करे. त्याले मशीन आवडली होती. तिले हात नोहते ना! आन् तिच्या घुंघुं आवाजात मागची पावलं आयकू येत नोहती.

आठवडा गेला, दुसरा गेला. पाठ गरम होये आन् थंड होये. वाकलेली ते वाकलेलीच.

"पोरी, काही होते का नाई?" सुकरीनं इचारलं.

"मावशी, मशीन शेकते. पन दुखनं कुठी दडून बसलं ते मशीनले समजत नाई. ते हाताले समजते. आन् हे भाऊ त हात लावू देत नाई."

मंग एक दिवस, भर दुपारी, सुकलू मशीनले पाठ देऊन बसला होता आन् लाईन गेली. घुंघुं थांबलं. पंखा थांबला. खोलीत एकदम सामसूम.

आन् त्या सामसूमीत सुकलूले आयकू आलं. फरशीवर भुसा दाबल्या गेल्यासारखं. एक पाऊल. आनखी एक. यावेळी मागं भिताड नोहतं, मशीन होती.

"मागं कोन हाय?" तो किंचाळला.

"मी हाय, भाऊ. मी विशाखा."

ती त्याच्या समोर येऊन खाली बसली. आपले दोन्ही हात चोळून गरम केले आन् त्याले दाखवले. "हे पाहा. हे माहे हात. आधी तुमच्या हाताले लावतो. तुम्ही 'नाई' म्हटलं का काढून घेतो."

त्यानं 'नाई' म्हटलं नाई. वर्सभरात त्याच्या अंगाले कोनी मायेनं हात लावला नोहता, त्यानंच लावू देल्ला नोहता. तिनं त्याचे पंजे धरले. मंग मनगट, मंग दंड. घाई नाई. हात एकदाबी उचलला नाई, म्हंजे कोनाचा हात कुठून आला हे त्याले समजत राह्यलं. खांद्यावरून सरकत सरकत ती मागं गेली तरी तिचा तळवा त्याच्या अंगावरच होता.

मनक्याच्या दोही बाजूले तिचे अंगठे बसले आन् ती थबकली.

"भाऊ, हे पाठ आखडलेली नाई."

"मंग काय?"

"हे पाठ काम करून राह्यली. आखडलेलं मांस वेगळं लागते, वजन तोललेलं वेगळं. अन् हा उजव्या खांद्याखालचा गोळा पाहा, दगड! इथी तुम्ही कोनाले येऊ देऊन नाई राह्यले."

बाप्पा! फोटोत दिसलं नोहतं, मशीनले समजलं नोहतं, ते ह्या पोरीच्या अंगठ्यानं वाचलं. सुकलूच्या डोळ्यातून पानी गळाले लागलं. त्यानं सारं सांगतलं. नाटक, पहिली थपकी, धुळीतला पंजा, 'चाल'.

विशाखानं आयकून घेतलं, पन हात थांबवले नाई. दाबे, थांबे, त्याचा श्वास बाहेर गेला का आनखी जरासं दाबे. मंग तिनं इचारलं, "भाऊ, मिलमंदी 'चाल' म्हटलं का कुठपर्यंत जाचं असे?"

"कुठी म्हंजे? ट्रकापर्यंत."

"मंग?"

"मंग पोतं टाकाचं."

"मंग?"

"मंग वापस याचं. दुसरं पोतं घ्याले."

"अस्सं," विशाखा म्हणे. "म्हंजे 'चाल' म्हंजे जानं नोहे. टाकून वापस येनं होय. पत्रूभाऊनं तुम्हाले कधी ट्रकाच्या पुढं धाडलं होतं का?"

सुकलूनं इचार केला. नाई. पत्रूनं कधीच धाडलं नोहतं.

तिच्या हाताखाली तो दगड जरासा नरम झाला. ऊन लागल्यावर मेन होते तसा. तिनं उजव्या तळव्यानं खांद्याखाली एक थपकी मारली. काही झालं नाई.

"बाई, तुमची लहान पडते," सुकलू म्हणे, आन् वर्सभरात पयल्यांदा हसला.

"राहू द्या. उभे राहा. मी धरतो." तिनं दोन्ही हातायनं त्याची कंबर पक्की धरली. दोन्ही हातायनं, हे ध्यानात ठेवा. सुकरी समोरच बसली होती, तिनं सोताच्या डोळ्यानं पाह्यले ते दोन्ही हात.

आन् तवाच उजव्या खांद्याखाली थपकी पडली.

सुकरीनं आवाज आयकला. बनियानवरून धूळ उडालेली पाह्यली. विशाखाले वाटलं सुकरीनं टाळी वाजवली. सुकलूले काही वाटलं नाई, त्यानं पाय उचलला. समोरच्या भिताडापर्यंत तो गेला, ट्रकाजवळ वळतात तसा वळला, खांदे झटकले.

धप्पकन आवाज झाला! खोलीभर कोंडा उडाला. विशाखाले शिंका आल्या, सुकरीले आल्या, बाहेरून कंपाऊंडर धावत आला. "काय पडलं, काय पडलं?" फरशीवर काहीच नोहतं. सुकलूची हनुवटी छातीवरून सुटली होती. तो सुकरीच्या तोंडाकडं पाहून राह्यला होता.

"म्हातारी झाली वं तू," तो म्हणे.

"कोनाच्या पायी झाली, मुडद्या!" ती म्हणे आन् रडाले लागली.

एकाच दिवसात तो ताठ झाला असं मी म्हननार नाई. त्या दिवशी हनुवटी सुटली, घास उतरला, तेवढंच. बाकीचं विशाखाच्या हातायनं केलं, दर आठवड्याले, एकेक मनका. धान कापाच्या वक्ताले सुकलू बांधावर सरळ उभा होता. कोंबड्यायनं त्याचा नाद सोडला. विशाखाले कोनी त्या आवाजाचं इचारलं त म्हणे, "भूतबीत काही नाई. पाठ सुटल्याचा आवाज होता." आन् कोंड्याचं इचारलं त ती आपल्या हाताकडं पाहे.

सुकलू पुन्हा मिलमंदी गेला. आता तो थप्पीवर राहे, दुसऱ्यायले पोतं दे. त्याची दुसरी थपकी कधी चुकली नाई. आन् हमाल सांगत का सुकलूची थपकी पडली का कधी कधी तिच्या मागून, हळूच, एक आनखी पडते.

झालं. आता तुम्ही तशा पाहून नोका राहू. कोंबड्या खऱ्या. न शिजलेला भात खरा. थपकी त खरीच खरी. बरं, सांगून टाकतो. एक गोष्ट म्या पदरची घातली.

लाईन गेली नोहती. लाईन चालूच होती. विशाखानं मशीनचं आन् पंख्याचं बटन आपल्या हातानं बंद केलं, साहेबायचा हुकूम असताना. तिची नोकरी जाईन म्हनून सुकरीनं आन् म्या, तिच्या शेजारनीनं, मिळून तवाच ठरवलं होतं का लाईन गेली म्हनून सांगाचं.