सासरेबुवांचा मोठा फोटो

फोटो स्टुडिओत मुंगी शिरायला जागा नव्हती. काचेला बाहेरून नाकं चिकटलेली, आणि आत खुर्चीला दोरीने बांधलेली धाकटी सून. छडीबाबांची छडी तिच्या पाठीवर पडत होती आणि गर्दी एका सुरात मोजत होती. सात. आठ. एरवी लोकांना पाढे येत नाहीत; अशा वेळी मात्र आकडा चुकत नाही.

चमत्कार असा होता. स्टुडिओचे मालक, म्हणजे हिचे सासरे, महिन्यापूर्वी वारले. त्यांचा भिंतीएवढा फोटो लावायचा, म्हणून थोरल्या मुलाने संगणकासाठी मेमरीची नवी पट्टी आणून जुन्या पट्टीशेजारी स्वतःच खोचली. तेव्हापासून पासपोर्टचे फोटो बिनबोभाट निघत. पण वडिलांचा मोठा फोटो उघडला, की पडदा निळा होऊन यंत्र बंद पडे. सहा वेळा उघडला, सहाही वेळा तेच.

संगणकावर बसायची धाकटी. नवी पट्टी काढून बघू, असं तिने पहिल्याच दिवशी सुचवलं होतं. पट्टी खाचेत चपखल बसली आहे, एवढं सांगून थोरल्याने तिच्या तोंडावर कीबोर्ड हाणला. ओठ फाटला, दात हलला, बटणं टेबलाखाली गेली. तिचा नवरा परगावी होता. मग छडीबाबांना बोलावणं गेलं. गृहस्थ पूर्वी शाळेत कवायत शिकवत. आता भुतांना सावधान-विश्राम करायला लावतात, अशी ख्याती.

"म्हातारा बोलतोय," बाबांनी जाहीर केलं, "हिने औषध वेळेवर दिलं नाही."

एकवीस छड्यांत कबुली आली नाही, तर तळहातावर तापलेली इस्त्री. इस्त्री कोपऱ्यात तापतच होती.

नववी छडी वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरबाईंच्या दंडावर बसली. आरडाओरडा ऐकून बाई खाली आल्या होत्या आणि सरळ मध्ये घुसल्या. त्यांनी दंड चोळला, इस्त्रीचा प्लग उपटला, दोरी सोडली आणि हललेला दात तपासता तपासता सुनेला सगळं विचारून घेतलं. पट्टीवरचा तिचा संशय बाईंना लगेच पटला. दोन कवळ्या धड असल्या, तरी एकीची वरची आणि दुसरीची खालची बाजू एका तोंडात बसवून माणूस जेवत नाही.

"बाबा, तुम्ही हयात आहात ना?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे काय?"

"काही नाही. फोटो काढू या तुमचा."

बाबांनी मिशी सारखी केली. धाकटीने कापसाने ओठ दाबत फोटो काढला, सासऱ्यांच्या फोटोएवढा केला आणि उघडला. पडदा निळा.

"बाबा गेले की काय?" मागून कुणीतरी काळजीने म्हणालं.

म्हातारा आता माझ्या अंगात आलाय, असा खुलासा बाबांनी केला. तोवर धाकटीने यंत्र बंद करून नवी पट्टी उपसली होती. सासरे उघडले. बाबाही उघडले, जरा सावकाश, पण मिशीसकट. मग जुनी काढून एकटी नवी लावली. दोघेही उघडले. पुन्हा दोन्ही लावल्या. निळा.

"दोन्ही धड आहेत," ती म्हणाली. "बनावट वेगळी, वेग वेगळा. पुष्कळदा अशांचंही जमतं, यांचं जमलं नाही. लहान फोटोला जागा थोडी लागते. मोठ्या फोटोने दोन्ही पट्ट्या भरल्या, की यंत्र मान टाकतं. मामंजींचा यात काही हात नाही."

हे समजायला गर्दीला क्षणभर वेळ लागला. मग गर्दीनेच छडी हिसकावली आणि बाबांच्या पाठीवर मोजणी पहिल्यापासून सुरू केली. बाबांचं नाक फुटलं. छडी चालवत होता थोरला.

पाचव्या फटक्याला धाकटीने त्याचं मनगट धरलं.

"मारून खरं कळत असतं भाऊजी, तर आठव्या छडीलाच तुमच्या वडिलांचा फोटो उघडला असता."

तिने छडी गुडघ्यावर मोडली आणि पोलिसांना फोन लावला. तक्रारीत नावं दोन दिली. बाबांचं दुसरं.

सासरेबुवा आता भिंतीवर आहेत. एकाच जोडीच्या दोन पट्ट्या आणून तो फोटो तिनेच छापला. चेहऱ्यावर राग वगैरे काही दिसत नाही. तेव्हा मंडळी, काही अघटित दिसलं, तर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. पुन्हा बघा. आणि बघून होईपर्यंत हात खिशात ठेवा.