घरी बोलली जाणारी भाषा

लेकीच्या शाळेत मदतीला आलेली आसावरी ऑफिसात कोपऱ्यातल्या टेबलावर फ्रेंच वर्गासाठी प्राण्यांची चित्रं कापत होती. तेवढ्यात सेक्रेटरी मिसेस कोलमन एका रडणाऱ्या मुलीला हाताला धरून आत आल्या. ही पाच वर्षांची सई, आठवड्यापूर्वीच साताऱ्याहून अमेरिकेत, एडिसनला आलेली. तिच्या आईचा फोन लागत नव्हता. मिसेस कोलमननी तिच्यापुढे पाणी ठेवलं, रंगीत खडू ठेवले आणि दुभाषा शोधायला फोन उचलला.

आसावरीच्या कपाळावरची टिकली पाहून सईचं रडू ओसरलं. जवळ येऊन ती हळूच म्हणाली,

"मावशी, मला शू लागलीय."

कात्री थांबली.

"तुम्हाला हिची भाषा येते?" मिसेस कोलमननी आशेनं विचारलं.

घरात उठल्यापासून झोपेपर्यंत मराठीच. पण लेकीच्या, सलोनीच्या, प्रवेशाच्या फॉर्मवर 'घरी बोलली जाणारी भाषा' या रकान्यात आसावरीनं बिनदिक्कत 'इंग्रजी' लिहिलं होतं. मराठी लिहिलं तर सलोनीला इंग्रजीच्या जादा वर्गात बसवतील आणि फ्रेंचमधली जागा जाईल, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलं होतं. लेकीलाही तिनं तसंच पढवलं होतं. वास्तविक ही शाळा चाकाच्या खुर्चीतल्या मुलापासून न बोलणाऱ्या मुलीपर्यंत सगळ्यांना एकाच वर्गात सामावून घेणारी. भीती होती ती आसावरीच्याच मनात.

"नाही," ती म्हणाली, आणि मान खाली घालून हत्तीचा कान कापू लागली.

सईनं आणखी दोनदा सांगितलं. मग तिच्या पायांशी ओघळ आला.

बाथरूमकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. तेवढंही आपल्याच्यानं झालं नाही. आसावरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसरीतली सलोनी वर्गाच्या हजेरीचा कागद द्यायला नेमकी तेव्हाच आली.

"तुला कळतंय का गं, ही काय म्हणते ते?" मिसेस कोलमननी तिला विचारलं.

सलोनीनं आईकडे पाहिलं.

"वी स्पीक इंग्लिश अ‍ॅट होम."

मिसेस कोलमन कोरडे कपडे आणायला आत गेल्या, तसा सलोनीनं अंगातला स्वेटर काढला आणि सईच्या कमरेला बांधला.

सईनं हुंदके देत आसावरीकडे बोट दाखवलं.

"मी सांगितलं होतं या मावशींना."

"त्यांना मराठी येत नाही गं," सलोनी हलक्या आवाजात म्हणाली. "चल, मी नेते तुला."