कमरेची पिशवी

संग्रहालयाच्या तळघरात शंकू-गोगलगायींचे अकरा खण होते. त्यांची जुनी कार्डं संगणकावर चढवायचं काम नोंदणीवाल्या बाईंकडे आलं. किनारा, तारीख, संग्राहक, शेरा. रटाळ काम, पण बाई मन लावून करत होत्या, कारण निम्म्या कार्डांवर संग्राहक म्हणून त्यांच्या वडिलांचं नाव होतं. वडील पाणबुडे. खडकांत बुड्या मारून संग्रहालयासाठी शंख आणायचे.

ते गेले तेव्हा बाई चार वर्षांच्या होत्या. "पिऊन पडला आणि गेला," एवढंच लोक सांगत. आईनेही तीस वर्षांत वेगळं काही सांगितलं नाही, की नवऱ्याचा फोटो भिंतीला लावला नाही.

नवव्या खणातल्या एका कार्डावर वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख होती. शेऱ्यात संग्रहालयाच्या जुन्या साहेबांचं बारीक अक्षर : "मृताच्या कमरेच्या पिशवीतून काढली. गोगलगाय जिवंत. कापडातून कमरेला डंख. या विषाने जीभ जड होते, तोल जातो."

गोगलगायी जिवंतच आणा, असं पाणबुड्यांना सांगणारे हेच साहेब. खरं सांगायची छाती नाही आणि खोटं लिहायची सवय नाही, म्हणून खरं लिहिलं आणि खण लावून टाकला. धन्य तो माणूस!

बाई तिथेच हमसून रडल्या. मग शेरा कागदावर उतरवून घेतला आणि तडक घरी गेल्या. आईच्या डोक्यावरचं ओझं आज उतरणार, असं त्यांना वाटत होतं.

आई भाजी निवडत होती. बाईंनी कागद वाचून दाखवला. "बाबा त्या दिवशी प्यायलेच नव्हते गं."

आईचे हात थांबले. "झोकांड्या खात दाराशी आले. बोबडं बोलत होते. मी म्हटलं, उतरल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही. कडी लावली."

"तुला तरी कसं कळणार होतं, आई?"

"तोंडाला वास नव्हता ह्यांच्या. तेव्हाच लक्षात आलं होतं माझ्या." आईने देठ बाजूला सारले. "पण रोजचा राग साचलेला होता. नाही काढली कडी."

बाईंनी कागदाची घडी केली.

"ट्रंकेत तळाशी फोटो आहे," आई म्हणाली. "लाव भिंतीला. मी आज बघणार नाही."