नंतर आठवण करा

सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला, की नलूताई आगटे यांच्या बाहेरच्या खोलीत स्थळं येऊन बसत. ज्या क्रमानं नावं नोंदली गेली त्याच क्रमानं, भिंतीलगतच्या खुर्च्यांवर, फोटोतल्याच कपड्यांत. स्टुडिओत फोटो काढलेले पावडर लावून येत. ज्यानं कुणाच्या तरी लग्नातला घोळक्याचा फोटो कापून दिला होता, त्याच्या खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात असे. कमरेपर्यंतचा फोटो दिलेल्यांना पाय नव्हते. ही मंडळी मांडी असायला हवी त्या जागी वर्तमानपत्र पसरून बसत आणि आपल्याला कुणी उठायला सांगू नये एवढीच त्यांची अपेक्षा असे. नलूताई कधी सांगतही नसत. स्थळाच्या उणिवेवर चारचौघांत बोट ठेवायचं नाही, हे या धंद्यातलं पहिलं शहाणपण.

‘अक्षत वधूवर सूचक केंद्र’ सांगलीच्या वखारभागात, दुसऱ्या मजल्यावर होतं. ज्याचं लग्न जुळे तो उठे, सगळ्यांना नमस्कार करून दारानं निघून जाई, आणि त्याची खुर्चीही मागं राहत नसे. ज्यांचं बाशिंगबळ जड, ते उरत. बाहेर त्यांचं काय झालं कोण जाणे. कुणी पेन्शनीत गेलं असेल, कुणी देवाघरी. खोलीत मात्र त्यांचं वय वाढत नव्हतं. नलूताईंचं तेवढं वाढलं.

दाराला लागून पहिली खुर्ची नलिनीची. कॉम्प्युटर आणला तेव्हा प्रोग्रॅम चालतो का ते पाहायला एखादं नाव घालायचं होतं. देवाधर्माच्या कामात खोटं नाव कशाला, म्हणून नलूताईंनी स्वतःचंच घातलं होतं. तेव्हापासून नलिनी तिथं बसलेली होती, आंबा रंगाच्या साडीत, हातात पोह्यांचा ट्रे घेऊन. फोटो भावानं ऐन बघण्याच्या कार्यक्रमात काढला होता. ते लोक ‘कळवतो’ म्हणून गेले ते गेलेच, पण पोह्यांवरची वाफ अजून निघत होती.

“काही कळलं का?” नलिनी रोज सकाळी विचारी.

“अजून नाही गं,” नलूताई म्हणत, आणि दिवस सुरू होई.

तिच्या समोरच्या खुर्चीत दिनकर वाटवे. पाटबंधारे खात्यात नोकरी, पांढरा शर्ट, खिशाला पेन, कमरेखाली काही नाही. त्यांचं नाव घातलं त्याच संध्याकाळी प्रोग्रॅमनं ते नलिनीशी जुळवून दाखवलं होतं. छत्तीसपैकी एकतीस गुण. नलूताईंनी ते वाचलं, त्यांचे कान गरम झाले, आणि त्यांनी दुसरं पान उघडलं. केंद्र चालवणारीनंच चांगलं स्थळ पहिल्यांदा आपल्या पदरात पाडून घेतलं, तर गावानं काय म्हणावं? वाटव्यांचं जुळेल कुठंतरी, मग प्रश्नच मिटेल, असं त्या धरून चालल्या होत्या. वाटव्यांचं कुठंच जुळलं नाही. जुळवणीचं बटण दाबल्याशिवाय स्थळांनी आपसांत बोलायचं नसतं, म्हणून ती दोघं बोलत नसत. बघत मात्र असत.

श्रावणाच्या सुमारास पडद्यावर एक चौकट आली. ही सिस्टिम जुनी झाली आहे, हिची देखभाल लवकरच बंद होईल, नवी घ्यायची का? खाली दोन बटणं होती. एक ‘आता’, दुसरं ‘नंतर आठवण करा’.

नलूताईंनी ‘नंतर’ दाबलं. खोली एका खुर्चीएवढी लांबली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा चौकट, पुन्हा ‘नंतर’. कॉम्प्युटरचं टेबल होतं तिथंच राहिलं, स्वयंपाकघराचं दारही त्याच्या शेजारीच राहिलं, पण बाहेरचं दार पलीकडच्या भिंतीसकट मागं सरकत गेलं. शेजारच्या ब्लॉकमधल्या लोकांची एक इंचही जागा गेली नाही. त्यामुळे तक्रार कुणाची नव्हती. नलूताईंना आधी बरंच वाटलं. इतकी वर्षं स्थळं गुडघ्याला गुडघा लावून बसत होती, आता जरा ऐसपैस झाली. मग एक दिवस भावाच्या मुलीचा फोन आला.

“आत्या, मघाशी येऊन गेले. कितीदा बेल वाजवली! कुठं होतीस?”

“घरातच होते. येत होते गं दाराकडे.”

“काहीतरीच,” ती म्हणाली, आणि पुन्हा काही आली नाही.

दूधवाल्यानं आठवडाभर पिशवी कडीला अडकवली आणि मग रतीब बंद केला. पेपरवाल्यानं तेवढीही वाट पाहिली नाही. नलिनीचं सकाळचं विचारणं पूर्वी कुजबुजीत भागत होतं, आता तिला हाक मारावी लागे. “काही कळलं का?” ही हाक खुर्च्यांवरून येई आणि मधली स्थळं अदबीनं माना खाली घालत.

मेहजबीन मुजावर कॉम्प्युटर दुरुस्त करायची. ती फोन करून आली, म्हणून नलूताई सकाळीच निघून दाराशी जाऊन थांबल्या होत्या. मेहजबीन आत आली, वाटेतल्या एकदोघांना “जरा सरका की” म्हणाली, आणि टेबलापर्यंत पोचल्यावर ओढणीनं घाम पुसला.

“काकू, घेऊन टाका नवी. किती दिवस ढकलणार?”

“ही मंडळी नव्यात येतील ना?”

“ती कशी येतील? त्यांचा प्रोग्रॅम नव्यात चालत नाही. करणारे गृहस्थही आता नाहीत.”

“मग ही कुठं राहतील?”

“जुन्यात.”

“आणि जुनं?”

“ते पुसलं जातंय की.”

नलूताईंनी कॉम्प्युटरवर हात ठेवला. “दोन्ही ठेवले तर? हाही आणि एक नवाही?”

“त्याला दोन खोल्या लागतात, काकू. तुमची एकच आहे आणि तीच सरेना झालीय.” मेहजबीननं पिशवी उचलली. “मी निघते. उजेड आहे तोवर दार गाठते.”

ती गेली. नलूताईंना फार एकटं वाटलं. तसं ते बरीच वर्षं वाटत होतं, पण दुसऱ्यांची लग्नं जुळवण्याच्या गडबडीत त्याच्याकडे बघायला फुरसत मिळाली नव्हती. आता ते सगळ्या खुर्च्यांवरून त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी ‘नंतर’ दाबलं.

त्याच दुपारी बेल वाजली. नलूताई उठल्या आणि चालू लागल्या. निम्म्यावर पोचल्या असतील, तेव्हा दाराबाहेरून आवाज आला. म्हातारा, दमलेला आवाज.

“मी वाटवे. दिनकर वाटवे. फार जुनी नोंदणी आहे माझी. नाव काढून टाकायचं होतं.”

नलूताईंनी पावलं उचलली. पदर खुर्च्यांना अडकू लागला. त्या धावल्याच म्हणायच्या, या वयात जेवढं धावता येतं तेवढं. कडीला हात लावला तेव्हा जिन्यावरून चपला उतरून गेल्या होत्या.

“कोण होतं हो?” खुर्चीतल्या वाटव्यांनी विचारलं.

“कुणीतरी म्हातारे.”

“बिचारे,” वाटवे म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्र नीट केलं.

नलूताईंनी मग दाराशी स्टूल टाकून बसून पाहिलं. पण कॉम्प्युटरला कुणी हात लावला नाही की पडदा झोपी जाई आणि खोलीत अंधार होई. अंधारात स्थळं पुसट व्हायची. नलिनी लहान मुलीसारखी घाबरून विचारायची, “कुणी आहे का?” मग नलूताईंना चाचपडत टेबलापर्यंत परत जाऊन माऊस हलवावा लागे. पुढं पुढं तर त्या दाराला पोचायच्या आधीच पडदा झोपू लागला. पुढची वाट दिसेना, की मागं फिरायचं. आपल्याच घराचं दार आपल्याला गाठता येत नाही, हे कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. सांगायला तसं कुणी उरलंही नव्हतं.

वाटवे दुसऱ्यांदा आले तेव्हाही हेच झालं. तिसऱ्यांदा आवाज फार लांबून आला. नलूताई जागेवरच उभ्या राहून कान देऊन ऐकत होत्या.

“आत कुणी असलं तर ऐका. जिना आता चढवत नाही मला. गुरुवारी संध्याकाळी शेवटचा येईन. नाही भेट झाली तर राहू दे. राहिलं नाव तर राहिलं.”

“थांबा!” नलूताई ओरडल्या. “मी आहे! मी घरातच आहे!”

मधल्या स्थळांनी न बोलण्याचा नियम मोडून तो निरोप पुढे सांगितला, एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला. तो नलिनीपर्यंत पोचला तेव्हा बाहेर कुणी नव्हतं.

गुरुवारी दुपारी नलूताईंनी केस विंचरले, ठेवणीतली साडी नेसली आणि टेबलापाशी उभ्या राहिल्या. “मंडळी, मी नवी सिस्टिम घ्यायची म्हणते.”

मंडळींनी माना वर केल्या. मग पावडर लावलेले एक गृहस्थ म्हणाले, “तुम्हांला योग्य वाटेल तसं करा, ताई. आम्ही काय, कळवतो म्हणालात म्हणून बसलो होतो.”

ते रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. नलूताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं, नलिनी आणि वाटवे यांचं पान उघडलं, आणि इतक्या वर्षांत जे बटण दाबलं नव्हतं ते दाबलं. जुळवणी.

लांबवर दाराशी आंबा रंगाचा एक ठिपका उभा राहिला.

“चला,” नलिनी म्हणत असलेली ऐकू आली. तिचा आवाज असा हसरा होता हे नलूताई विसरून गेल्या होत्या.

“मला उठता येत नाही,” वाटवे म्हणाले. “मला वाटलं, तुम्हांला ठाऊक असेल.”

“ठाऊक आहे. मी थांबते.”

नलूताईंनी खुर्ची ओढली, बसल्या आणि ‘आता’ दाबलं.

पडदा निळा झाला. कॉम्प्युटर बंद करू नका, याला थोडा वेळ लागेल, असं त्यावर आलं. मग टेबलाजवळची स्थळं, सगळ्यांत शेवटी नोंदलेली, उठून उभी राहिली. ज्यांना पाय नव्हते त्यांनी बसूनच हात जोडले. “येतो, ताई.” “येते हं.” लग्नघरातून जेवून निघाल्यासारखी ती बोलत होती आणि बोलता बोलता नाहीशी होत होती. प्रत्येक खुर्चीबरोबर खोली तेवढी आखडत होती. दार परत येत होतं. खांद्यावरच्या परक्या हातानंही जाता जाता निरोप घेतला. नलूताई प्रत्येकाला नावानं हाक मारून निरोप देत होत्या, पुढंपुढं नावं त्यांच्या तोंडात मावेनात, आणि मग नावंच संपली.

खोली पूर्वीएवढी झाली, पण थांबली नाही. भिंत नलूताईंच्या गुडघ्यांपर्यंत आली. एका बाजूला वाटवे होते, एका बाजूला ट्रे घेऊन उभी नलिनी.

बेल वाजली.

“मी वाटवे,” दारापलीकडून आवाज आला, इतक्या जवळून की त्यातली धापही कळत होती. “आज आहात ना?”

खुर्चीतले वाटवे मान वर करून ऐकत होते. “बिचारे,” ते म्हणाले, आणि वर्तमानपत्र रिकाम्या जमिनीवर पडलं.

नलूताईंनी उठायला टेबलावर हात टेकला. तेवढ्यात नलिनीनं ट्रे त्यांच्या मांडीवर ठेवला, पदर खांद्यावरून सारखा केला आणि दाराकडे तोंड केलं.

“कळलं,” ती म्हणाली. “पायांनी चालत आलेत.”

“अगं, ते नाव काढायला आलेत.”

“हो, माझ्या नावाशेजारचं.”

“मला उठू दे. नलिनी, मला उठू दे गं.”

पण खोली आता एवढीच उरली होती की दोघींपैकी एकीलाच उभं राहता येत होतं. बाहेर म्हाताऱ्यानं घसा साफ केला. मांडीवरच्या पोह्यांवरची वाफ थांबली, आणि नलिनीनं कडी सरकवली.