मुंग्या न आलेली कॅसेट

मी कॅमकॉर्डर बोलतोय. पण आधी कुणीतरी माझी लेन्स पुसा. धोतराच्या सोग्यानं नको, मऊ फडक्यानं. झालं? आता ऐका.

माझा जन्म एका परदेशी कारखान्यात झाला. तिथला लख्ख उजेड तेवढा मला आठवतो. तसा उजेड पुढे वीस वर्षं माझ्या वाट्याला आला नाही. दोन हजार चार साली आप्पारावांनी मला औरंगाबादहून घाटनांदूरजवळच्या आपल्या गावी आणलं. ते शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांच्या लेकीचा, स्वप्नाचा, गॅदरिंगमधला नाच त्यांना जपून ठेवायचा होता.

स्टेजवर एकच बल्ब होता आणि आप्पाराव बसले शेवटच्या रांगेत. तिथूनच झूमचं बटण दाबत राहिले. स्वप्ना मोर झाली होती. कॅसेटमध्ये मात्र काळ्या घोंगडीवर तीळ सांडल्यासारखं दिसतं आणि त्यातले थोडे तीळ नाचतात.

गावात याला 'मुंग्या येणं' म्हणतात आणि दोष मला देतात. माझं म्हणणं कुणी ऐकूनच घेत नाही. अहो, उजेड कमी पडला की जे दिसत नाही तेही दाखवायला मी धडपडतो. त्या धडपडीच्या मुंग्या होतात. उजेडात या, जवळ या, झूमवरचा अंगठा काढा, लेन्स पुसा. एवढंच मागणं आहे माझं. वीस वर्षं झाली, आप्पारावांचा अंगठा काही निघत नाही. शिवाय शूटिंग संपलं असं समजून ते लाल बटण दाबतात, तेव्हा ते खरं तर सुरू होतं. त्यामुळे माझ्याकडे त्यांच्या चपलांचं जितकं शूटिंग आहे तितकं त्यांच्या नातेवाइकांचंही नाही.

पुढे मोबाईल आले आणि मी कपाटात गेलो, सत्यभामाबाईंच्या, म्हणजे आप्पारावांच्या पत्नीच्या, लुगड्यांशेजारी. तिथेच संपलो असतो. मला पुन्हा बाहेर काढलं ते धुळवडीनं.

आमच्या गावात धुळवडीला एका जावयाला गाढवावर बसवून, गळ्यात चपलांची माळ घालून मिरवतात. शेवटी मारुतीच्या पारावर त्याला कपडे आणि सोन्याची अंगठी देतात. ही चाल खरी दुसऱ्या गावची. आमच्या गावानं ती उसनी घेतली आणि परत केली नाही. एक जावई आयुष्यात एकदाच बसतो, असा नियम आहे. पण दोन वर्षांपूर्वी तीन जावई एकदम म्हणाले, आमचं बसून झालं. गावातही दोन तट पडले. तेव्हा कमिटीचे अध्यक्ष मोहनराव यांनी ठराव केला की पुरावा फक्त शूटिंगचा धरायचा, आणि तोही कॅसेटवरचा.

"मोबाईलमदी आजकाल कुणाचंबी तोंड कुणालाबी लावतेत," ते म्हणाले. "कॅसेटला तसलं काय येत न्हाई."

अशी मला सरकारी कागदाची किंमत आली. मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

पहिलाच पुरावा होता आप्पारावांच्या जावयाचा. त्याचं नाव जीवन. चाकणला कंपनीत नोकरी. दिवाळी त्याच्या घरी, उन्हाळ्यात सुट्टी नाही, त्यामुळे लग्नाच्या सात वर्षांत तो सासुरवाडीला आलाच नव्हता आणि स्वप्नालाही माहेरी येणं जमलं नव्हतं. मागच्या साली कमिटी जीप घेऊन थेट चाकणला गेली आणि त्याला उचलून आणलं. त्याच जीपमधून स्वप्ना माहेरी आली. सत्यभामाबाईंनी त्या दिवशी किती पुरणपोळ्या केल्या, ते मोजायच्या फंदात मी पडलो नाही.

जावई पळून जाईल म्हणून कमिटीनं उजाडायच्या आत धिंड काढली. आप्पाराव माळवदावर चढले आणि तिथून झूम! काय दिसणार? गाढवाच्या आकाराचा मुंग्यांचा ढीग आणि त्यावर माणसाच्या आकाराचा दुसरा. या वर्षी कमिटीनं कॅसेट तपासली आणि जीप पुन्हा चाकणला गेली.

"आवो, मी बसलतो! सगळ्या गावानं बघितलं की!" जीवन पारावर उभा राहून ओरडत होता.

"बघितलं, आमीबी बघितलं," मोहनराव शांतपणे म्हणाले. "तुमच्या गळ्यात माळ मीच घातलती. पण पुरावा न्हाई ना, पाव्हणं."

जीवननं कपाळावर हात मारला. मग म्हणाला, "बसतो. पण औंदा शूटिंग मी सांगतो तसं. एकदा पुरावा पक्का झाला की धुळवडीला हितं पाय ठेवणार न्हाई."

हे बोलताना त्यानं माझी लेन्स आपल्या चष्म्याच्या फडक्यानं पुसली. वीस वर्षांत मला इतकं कुणी समजून घेतलं नव्हतं. मी त्याच क्षणी त्याच्या बाजूचा झालो.

धुळवडीच्या सकाळी आप्पारावांनी मला ओसरीवर ठेवलं आणि सवयीनं लाल बटण दाबलं. बंद केलं असं समजून दोन मिनिटं आत गेले. समोर सत्यभामाबाई एका वाटीत चंदेरी रंग कालवत होत्या.

"आई, येवढं तेल कावून घालायली?" स्वप्नानं विचारलं.

"लवकर निघू ने म्हणून."

"कुणाला लावायचाय?"

"जावईबापूला. तोंड दिसलं की पुरावा झाला. पुरावा झाला की जीप जायची न्हाई. मंग तू कशी येशील गं?"

स्वप्ना आईजवळ बसली आणि तिनं रंगात आणखी तेल ओतलं. हे सगळं माझ्या कॅसेटवर आलं. सुरेख उजेड होता, एक मुंगी नाही. जावयाच्या बाजूचा मी तिथेच डळमळलो.

नऊ वाजता चांगलं ऊन आल्यावर धिंड निघाली. जीवन गाढवावर बसून माझे वीस वर्षांचे बोल बोलत होता. "मामा, झूम नका करू, जवळ या! ऊन तुमच्या पाठीवर, माझ्या तोंडावर पायजे! आरं, गाढव उगवतीला वळवा!" गाढव उगवतीला वळवलं तर वाट उलटी होत होती. कमिटीनं तेही मान्य केलं. त्यामुळे धिंड पारापासून सुरू झाली, म्हणून अंगठी आणि कपडे आधी देऊन टाकले आणि बेअब्रू नंतर केली.

धिंड हलण्याआधी सत्यभामाबाई ताट घेऊन आल्या होत्या. ओवाळलं, आणि मग दोन्ही हातांनी जावयाच्या तोंडाला कपाळापासून हनुवटीपर्यंत चंदेरी रंग चोपडला.

"सासूचा रंग हाय, पुसू ने," त्या म्हणाल्या.

जीवननं पुसला नाही. त्याचं सगळं ध्यान माझ्या लेन्सवर होतं. खरं सांगतो, मुंग्यांच्या धास्तीनं सगळं गावच असं पछाडलं होतं की तोंडाकडे कुणी पाहिलंच नाही.

दुपारी आप्पाराव घरात एकटेच कॅसेट तपासायला बसले. माझ्या लहान पडद्यावर आधी ओसरी आली. वाटी, तेल, लेक. त्यांनी ते दोनदा पाहिलं. मग डोळे पुसले, कॅसेट मागे नेली, मला जमिनीकडे धरलं आणि मोजून दोन मिनिटं स्वतःच्या चपलांचं शूटिंग त्यावर केलं. बरोबर जिथे धिंड सुरू होते तिथे थांबले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लाल बटण वेळेवर दाबलं.

चार वाजता पारावर टीव्ही मांडून कमिटी बसली. पहिली दोन मिनिटं चपला. अंगठ्याजवळचा टाका न् टाका दिसत होता.

"वा! एक मुंगी न्हाई!" मोहनराव म्हणाले.

मग धिंड आली. गाढवाच्या पापण्या मोजता येत होत्या. त्याचा फाटका डावा कान, माळेतल्या चपलांचे नंबर, सगळं स्वच्छ. आणि वर, लख्ख उन्हात, स्टीलच्या हंड्यासारखं चकाकणारं एक तोंड. ते कुणाचंही असू शकत होतं.

मोहनरावांनी तीन वेळा कॅसेट मागेपुढे केली आणि निकाल दिला. "गाढव वळखू आलं. गाढवाला पुढच्या साली माफी. जावयाचं काय सांगता येत न्हाई. पुढच्या साली जीप पाठवू."

जीवन ताडकन उठला. तोंड अजून चंदेरीच होतं. समोर सासू पदराआड बसली होती आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून स्वप्ना हसता हसता रडत होती. सासूच्या बोटांवर तोच रंग होता. जीवननं त्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसला.

"जीप नगं," तो म्हणाला. "आमचं आमी येऊ. गाढव तेवढं बदला."

आता मी पुन्हा कपाटात आहे, त्याच लुगड्यांशेजारी. माझी बॅटरी तासभरही टिकत नाही आणि अशी कॅसेट आता कुठे मिळत नाही. तुम्हाला एकच विनवणी. आयुष्यभर मी स्वच्छ लेन्स मागितली, पण पुढच्या धुळवडीला मला बाहेर काढाल तेव्हा ती पुसू नका. आप्पारावांचा अंगठा झूमवर असू द्या, उजाडायच्या आत धिंड निघू द्या आणि माझ्यात हव्या तेवढ्या मुंग्या येऊ द्या.