पावणेदोन

११४० किलोमीटर

दादा आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजत आला. निवृत्त झाला, खोड काही गेली नाही. फोनवर ‘कशी आहेस’च्या आधी आकडे.

“चिमे, रविवारी विमानानं येतोय. सरळ अंतर अकराशे चाळीस. पावणेदोन.”

फोन खरखरला आणि कटला.

चिमी म्हणजे त्याची धाकटी बहीण. वय छप्पन्न, धंदा शिवणकाम. फोन हातात धरून तशीच उभी. पावणे दोन? वहिनीला जाऊन तीन वर्षं झाली. मग दुसरा पावणा कोण?

तिचा बेत साधा होता. या खेपेला दादाला कायमचं ठेवून घ्यायचं. त्यासाठी मागची खोली रिकामी केली, शिलाई मशीन स्वयंपाकघरात ढकललं. एकटीला घर खायला उठायचं.

एक जिना

चिमीनं हे कोडं सांगितलं तेव्हा खालची औषधवाली गोळ्यांची पट्टी कापता कापता म्हणाली, “पावणा नाही हो, पावणी! दादांनी जमवलं.”

“या वयात?”

“याच वयात जमतं. वेळ असतो.”

चिमीचं धाबं दणाणलं. तरी दुसरा टॉवेल विकत आणला.

चार पावलं

रविवारी दारात दादा एकटाच. चिमीनं त्याच्या मागं पाहिलं, मग जिन्यात वाकून पाहिलं.

“दुसरी कुठाय?”

“कोण दुसरी?”

“तूच म्हणालास ना, पावणे दोन!”

“अगं बाई, तास! पावणेदोन तास! हवेतला वेळ!”

चिमीचा जीव भांड्यात पडला. हसता हसता ती खुर्चीत कोसळली. “बरं, ऐक. आता तू परत जायचं नाहीस. इथंच राहा.”

दादा हसला नाही. सुटलेली बुटाची नाडी परत सोडत बसला.

“चिमे, समजा… दोन असतो, तर?”

चिमी खुर्ची ओढून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेली.

टेबलाएवढं

“कोण?”

“आमच्या कचेरीत नकाशे काढायची. तिलाही मागंपुढं कुणी नाही. लग्न करतोय. तेच सांगायला आलो. राहू आम्ही तिथंच.”

“तिथंच. म्हणजे मी गेले खड्ड्यात!”

“तसं नव्हे गं.”

“मग कसं? लाव तिला फोन.”

पुन्हा ११४०

दादानं नंबर लावला, चिमीनं फोन हिसकावला.

“नमस्कार, मी नणंद. होणारी. तिथं कशाला राहता? इथं अख्खी खोली रिकामी आहे. दोघं या.”

दादानं फोनकडं कान नेला. पलीकडून बारीक आवाज आला, “आधी बघून जाते हं, वन्सं. पण मला विमानाची भीती वाटते. रेल्वेनं एकवीस तास लागतात.”

“लागू देत,” चिमी म्हणाली आणि फोनवर हात ठेवून दादाकडं वळली. “नुसतं बघायला एकवीस तास बसून येणारी बाई परत जाते होय रे?”