काळ्या ठिपक्यांआड

मी चाव्यांची पेटी बोलतेय. लोखंडाची नाही, लाकडाचीही नाही. माझ्यावर धूळ बसत नाही, मला गंज चढत नाही आणि चाचपून बघावं म्हटलं तर मी कुणाच्या हाताला लागत नाही. एका जुन्या संगणकाच्या पोटातली मी एक छोटीशी फाईल. माणसं ज्यांना पासवर्ड म्हणतात त्या साऱ्या चाव्या माझ्यात राहतात. मला उघडणारी मोठी चावी मात्र एकाच माणसाच्या डोक्यात असते. ती मलाही ठाऊक नाही. ती लागली की मी उघडते, नाही लागली की ‘चूक’ म्हणते. याखेरीज मला तिसरं काही बोलता येत नाही.

ऐकू मात्र सगळं येतं. तेवढंच माझं सुख, आणि दुःखही तेच.

माझा जन्म झाला तो काकांच्या घरी, एका दुपारी. काका आयुष्यभर छापखान्यात अक्षरजुळणी करत आले. निवृत्त झाल्यावरही घरबसल्या पुस्तकांचा मजकूर टाईप करून द्यायचे. त्यांचा संगणक इतका म्हातारा की सुरू करून चहा टाकावा, चहा पिऊन कप विसळावा, तेव्हा कुठे पडदा उजळायचा. विकणाऱ्यांनी केव्हाच हात वर केले होते. ‘नवीन घ्या’ म्हणाले.

“नवीन कशाला? चांगला धडधाकट आहे!” असं म्हणत त्यांची पुतणी आली. नुकतंच कॉलेज संपलेलं, बोलणं सुसाट. काका तिला भिंगरी म्हणायचे. तिने एक पेन ड्राइव्ह लावला, जुनं सगळं पुसलं आणि संगणक चालवणारं लिनक्स बसवलं. ते कुणा एकाच्या मालकीचं नाही, जगभरातल्या माणसांनी मिळून लिहिलंय, म्हणून तिचा त्याच्यावर भारी जीव. काका सगळं मराठीतच टाईप करतात म्हणून कीबोर्डही तिने असा लावला की सुरू होताना मराठी, कळ दाबली की इंग्रजी.

मग तिची नजर काकांच्या पासवर्डांवर गेली.

“काका, सगळीकडे एकच पासवर्ड? घराला, कपाटाला, सायकलला एकच चावी लावता का तुम्ही?”

“बरंय की. हरवली तर एकच हरवेल.”

“हसू नका! आणि या चाव्या कुठल्यातरी कंपनीकडे ठेवायच्या नाहीत. त्यांनी उद्या दार लावलं की आपण रस्त्यावर. आपल्या चाव्या आपल्या घरात!”

अशी मी जन्माला आले. सहज नाही. ब्राउझर एका कप्प्यात कोंडलेला, मी दुसऱ्या कप्प्यात. मी हाका मारायचे, त्याला ऐकूच जायचं नाही. भिंगरी चिडली, संगणकाला दोन-चार शेलक्या शिव्या दिल्या. शेवटी ब्राउझर काढून तिने तो दुसऱ्या मार्गाने बसवला, तेव्हा आमची बोलाचाली सुरू झाली.

“आता एक लांबलचक वाक्य घ्या. फक्त तुम्हालाच सुचेल असं,” ती म्हणाली. “कागदावर लिहायचं नाही. मलासुद्धा सांगायचं नाही. टाईप करताना नुसते काळे ठिपके दिसतील. बाजूला डोळ्याचं चित्र आहे ना, ते दाबलं की अक्षरं उघडी पडतात. ते कधीच दाबायचं नाही.”

“अगं, घरात मी एकटाच आहे.”

“तत्त्व म्हणजे तत्त्व!”

तिने खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं. काकांची बोटं चालू लागली. पावसाच्या सरीसारखी नव्हे, शिवणयंत्रासारखी: एकसारखी, न अडखळता. ते वाक्य मी कधीच कुणाला सांगणार नाही. तेवढंच तर माझं काम.

पुढे भिंगरीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. सुरुवातीला फोन लांब चालायचे, मग आखूड झाले. काका सकाळी मला उघडायचे, ई-मेलच्या टपालाची चावी घ्यायचे, मला मिटायचे. माझ्याकडे सगळ्या दारांच्या चाव्या, पण एकाही दाराआड काय आहे ते मी पाहिलेलं नाही. चावी घेतलेला माणूस पेटीपाशी थांबत नाही. उघडताना त्यांच्या घशातून एक छोटासा हुंकार निघायचा, ‘हं’ असा. कुणी विचारपूस करावी तसा. मी त्यावर दिवस काढायचे.

एकदा फोनवर भिंगरी घाईत म्हणाली, “काका, पडद्यावर अपडेट विचारतोय ना? हो म्हणा. काही विचारलं तरी हो म्हणा.” काका हो म्हणत गेले. संगणक बंद झाला, पुन्हा सुरू झाला. काका आले, बोटं चालली, तोच ताल, तोच वेग. पण आत आलेली चावी परकी होती.

मी ‘चूक’ म्हटलं.

काका थांबले. पुन्हा सावकाश टाईप केलं. पुन्हा चूक. आवाज काकांचा, खोकला काकांचा, बोटांची चाल काकांची, आणि चावी कुणा भलत्याची. पण मला आवाजावर विश्वास ठेवायला कुणी शिकवलंच नाही. चावीवर ठेवायला शिकवलंय.

“असं कसं होईल,” काका पुटपुटले. मग अगदी हळू, “दादा, तुझंही असंच सुरू झालं होतं का रे?”

दादा म्हणजे काकांचे थोरले भाऊ, भिंगरीचे वडील. त्यांचं जाणं असंच विसरण्यातून झालं होतं. आधी दुकानातून काय आणायचं ते विसरले, मग घराकडचं वळण, मग लेकीचं नाव. शेवटी शेवटी काकांनाच विचारायचे, “आपण कोण? कुणाकडे आलात?” त्यांचं सगळं काकांनीच केलं होतं. विसरणं माणसाला कसं आतून पोखरतं ते त्यांनी जवळून पाहिलं होतं.

आणि आता मी रोज त्यांच्या तोंडावर ‘चूक’ म्हणत होते.

टाईप करून झालेलं एक पुस्तक छापखान्याला पाठवायचं होतं, आणि टपालाची चावी माझ्यात. छापखान्याचे मालक फोन करायचे, “काका, फाईल?” काका म्हणायचे, “उद्या नक्की.” टपालाच्या दारावर एक बटण होतं: ‘पासवर्ड विसरलात?’ ते दाबलं असतं तर काम झालं असतं. काकांनी ते मोठ्याने वाचलं, आणि दाबलं नाही. त्या प्रश्नाला ‘हो’ म्हणायची त्यांची छाती झाली नाही.

मग ते फोन उचलेनासे झाले. भिंगरीचाही. कोणत्या तोंडाने सांगणार त्या पोरीला? बाप याच वाटेने गेलेला. घरात फक्त घड्याळाची टिकटिक, आणि दिवसातून कधीतरी माझ्या दाराशी काकांची बोटं. आम्ही दोघं एकाच खोलीत, एकमेकांच्या इतके जवळ, आणि एकमेकांना पारखे.

छापखान्याच्या मालकांनी शेवटी भिंगरीला कळवलं. ती पुढची गाडी पकडून आली. दार उघडताच भांडायलाच लागली.

“फोन का नाही उचलत? माणसाने जिवाला किती घोर लावून घ्यायचा?”

“बस आधी,” काका म्हणाले. “मला दादासारखं होतंय गं.”

भिंगरीने खुर्ची ओढून घेतली.

“काय विसरलात?” तिने विचारलं.

“पेटीचं वाक्य. मला वाटतं मला आठवतंय. पण ती चूक म्हणते. म्हणजे मला चुकीचं आठवतंय, आणि ते चुकीचं आहे हेही मला कळत नाही. दादाला कुठे कळायचं?”

“माझ्यासमोर टाईप करा.”

“तूच म्हणालीस ना, कुणी बघायचं नाही.”

“खड्ड्यात गेलं ते तत्त्व!”

बोटं चालली. आणि भिंगरीने ते डोळ्याचं चित्र दाबलं. काळे ठिपके सरले.

“काका, ही तर इंग्रजी अक्षरं आहेत. ओ, ई, ओ, ई... काहीच अर्थ लागत नाही.”

खुर्ची करकरली. काका पुढे वाकले असावेत.

“काय म्हणालीस? ओ, ई, ओ, ई?” आणि ते हसायला लागले, मग हसता हसता त्यांना ठसका लागला. “अगं, मराठी कीबोर्डवर ‘ओ’च्या जागी ‘द’ असतो. ‘ई’च्या जागी काना. काय झालं ते?”

“दादा,” भिंगरी म्हणाली.

“बोटं बरोबर होती माझी. कीबोर्ड फिरलाय. लिहिताना इंग्रजी अक्षर दिसलं की माझा हात आपसूक कळ दाबून मराठी करतो, माझ्या ध्यानातही येत नाही. इथे दिसणार काय, ठिपके!”

अपडेटने इंग्रजी पुढे आणली होती, मराठी मागे टाकली होती. भिंगरीने ती पुन्हा पुढे घेतली. काकांनी वाक्य टाईप केलं, आणि मी उघडले. इतकी सताड मी कधी उघडले नव्हते. ‘हं,’ काका म्हणाले. भिंगरी मात्र रडत होती. त्या वाक्याची सुरुवात कुणापासून होते ते तिने वाचलं होतं.

पुस्तक गेलं. दोन दिवसांनी भिंगरीही गेली. घड्याळ पुन्हा ऐकू येऊ लागलं.

आता काका रोज सकाळी येतात. पण हल्ली चावी घेत नाहीत. वाक्य टाईप करतात, मी उघडते, ‘हं’ म्हणतात, आणि मला मिटून जातात. मला कळायला वेळ लागला: ते चाव्यांसाठी येतच नाहीत. आपलं डोकं अजून जागेवर आहे ना, एवढंच माझ्याकडून ऐकायला येतात.

म्हणून मला भीती वाटते. एखाद्या सकाळी बोटं अडखळतील, कीबोर्ड मराठीच असेल, आणि चावी तरीही लागणार नाही. तेव्हा मला ‘चूक’च म्हणावं लागेल. खोटं बोलायला मला कुणी शिकवलेलं नाही.

भिंगरी, तू मला फार मजबूत केलंस. माझ्यातून कुणी काही चोरणार नाही, निश्चिंत राहा. पण त्या सकाळी या खोलीत माझ्याखेरीज आणखी कुणीतरी असू दे. मला नुसतं ‘चूक’ म्हणता येतं. ‘असू दे, काका’ म्हणायला माणूस लागतं.